निर्णय बाईचा, वेळापत्रक गाडीचे

स्तनात गाठ सापडली, सुईने काढलेल्या तुकड्याची तपासणी झाली, कर्करोगाचे निदान पक्के झाले, की पुष्कळदा डॉक्टर बाईसमोर दोन रस्ते ठेवतात. एक असा, की गाठ आणि तिच्या भोवतीचा थोडा निरोगी भाग काढायचा, स्तन राखायचा आणि नंतर त्यावर किरणोपचार घ्यायचे. याला लंपेक्टॉमी म्हणतात. दुसरा असा, की स्तन पूर्ण काढून टाकायचा. ही मॅस्टेक्टॉमी. 'तुम्ही सांगा, काय करायचं,' असे डॉक्टर म्हणतात आणि खोलीत शांतता पसरते. घरात गॅसची शेगडी कोणती आणायची हेसुद्धा जिला कधी कुणी विचारले नाही, तिला आज एकदम हा प्रश्न विचारलेला असतो. ती नवऱ्याकडे पाहते. नवरा तिच्या भावाकडे पाहतो. भाऊ डॉक्टरांना विचारतो, 'तुमच्या घरचं माणूस असतं तर तुम्ही काय केलं असतं?'

हे सारे मुंबईतल्या एखाद्या मोठ्या रुग्णालयात घडते, पण त्यातली बाई पुष्कळदा मुंबईची नसते. ती कर्जतची असते, खोपोलीची असते, चौकची असते, खांडसच्या पलीकडच्या एखाद्या ठाकरवाडीतली असते. मला तिच्याबद्दल लिहायचे आहे. कारण या दोन रस्त्यांबद्दल वैद्यकशास्त्राने दिलेले उत्तर आता चाळीस वर्षांचे जुने आणि चांगले भक्कम आहे. तरीही कर्जत-खालापूरच्या बाईचा निर्णय त्या उत्तरावरून होत नाही. तो होतो गाडीच्या वेळांवरून, लावणीच्या दिवसांवरून आणि सोबतीला कोण येणार यावरून.

आधी ते उत्तर पाहू. अमेरिकेतल्या बाल्टिमोरचे शल्यविशारद विल्यम हॉलस्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जी शस्त्रक्रिया रूढ केली, तिच्यात स्तन तर जाईच, पण त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या लसिकाग्रंथीही जात. त्यांचा विचार शेतकऱ्याला चटकन पटेल असा होता. हरळी काढायची तर मुळासकट काढा, बोटभर मूळ जमिनीत राहिले तरी पावसानंतर सगळे शेत पुन्हा हरळीचे. कर्करोग एका जागेपासून हळूहळू चहूबाजूंनी पसरत जातो, म्हणून जितके दूरवर कापाल तितके बरे, असे मानून जगभरच्या शल्यविशारदांनी पाऊणशे वर्षे कापले. बायका जगल्या तर छातीच्या फासळ्या दिसतील अशा अवस्थेत जगल्या, हात खांद्यावर जाईना. आणि ज्या जगल्या नाहीत त्यांच्याबद्दल कापणाऱ्याला वाटत राहिले, की आणखी थोडे कापायला हवे होते.

पिट्सबर्गच्या बर्नार्ड फिशर यांना हे पटेना. त्यांचा विचार मी आपल्याकडच्या दाखल्याने सांगते. कर्करोग हरळीसारखा नाही, सावरीच्या बोंडासारखा आहे. बोंड फुटून कापूस वाऱ्यावर गेला असेल तर नंतर झाड बुंध्यातून तोडा नाहीतर फांदी छाटा, गेलेले बी परत येत नाही. त्यासाठी सगळ्या शरीरभर पोचणारे औषधच हवे. आणि बोंड अजून फुटलेच नसेल, तर ते बोंड तेवढे नीट काढले तरी पुरते. म्हणजे किती कापले यावर बाई किती जगेल हे ठरत नाही. दाखला माझा असला तरी विचार त्यांचा, आणि त्यांनी तो केवळ मांडला नाही, तपासून पाहिला. १९७६ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या चाचणीत चार सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी असलेल्या १,८५१ स्त्रियांचा पाठपुरावा झाला. कोणाला कोणती शस्त्रक्रिया करायची हे डॉक्टरांनी ठरवले नाही, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरले. इटलीत मिलान शहरात उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी १९७३ पासूनच अशी एक चाचणी चालवली होती, ७०१ स्त्रियांवर, दोन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींसाठी. दोन्हींचा वीस वर्षांचा हिशेब २००२ साली एकाच वैद्यकीय नियतकालिकाच्या एकाच अंकात छापून आला. निष्कर्ष एकच होता. स्तन राखलेल्या आणि स्तन काढलेल्या स्त्रिया सारख्याच जगल्या.

यातली एक गोष्ट मात्र घाईत निसटू देऊ नये. फिशर यांच्या चाचणीत ज्यांची नुसती गाठ काढली आणि किरणोपचार दिले नाहीत, त्यांतल्या शंभरात ३९ जणींना वीस वर्षांत त्याच स्तनात रोग पुन्हा झाला. ज्यांना किरणोपचार दिले त्यांच्यात हे प्रमाण शंभरात १४ होते. म्हणजे लंपेक्टॉमी ही अर्धी गोष्ट आहे. उरलेली अर्धी किरणोपचारांची. पुढे सगळे घोडे अडते ते इथेच.

मी बँकेत आयुष्य काढले, त्यामुळे या चाचणीच्या इतिहासातला एक भाग मला विशेष आवडतो. १९९४ साली असे उघड झाले, की मॉन्ट्रियलच्या एका डॉक्टरने आपल्याकडच्या काही रुग्णांच्या नोंदींत फेरफार केले होते. गदारोळ झाला. फिशर यांना प्रमुखपदावरून दूर केले गेले. नंतर त्या केंद्राचे सगळे रुग्ण वगळून पुन्हा बेरीज केली गेली. उत्तर बदलले नाही. फिशर यांचीही पुढे दिलगिरीपूर्वक भरपाई झाली. ज्या खात्याची इतकी कडक तपासणी होऊन शिल्लक तीच निघते, त्या खात्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

तरी आपल्याकडे घरोघर एक वाक्य ऐकू येते : 'थोडं काढलं म्हणजे थोडं राहिलं.' ही भीती खोटी म्हणून झटकता येत नाही, कारण ती दिसायला शहाणी आहे. तिला उत्तर म्हणून अलीकडचा एक दाखला द्यावासा वाटतो. स्वीडनमध्ये सुमारे ४९ हजार स्त्रियांच्या नोंदी तपासून २०२१ साली एक अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात स्तन राखून किरणोपचार घेतलेल्या स्त्रियांचे आयुष्य स्तन काढलेल्यांपेक्षा काहीसे अधिकच दिसले. इथे चिठ्ठ्या टाकलेल्या नव्हत्या, त्यामुळे स्तन राखल्यामुळेच त्या अधिक जगल्या असा निष्कर्ष मी काढणार नाही. पण सगळे काढणे हे अधिक सुरक्षित, या समजुतीला त्या ४९ हजार नोंदींत आधार मिळत नाही एवढे खरे.

दुसरी समजूत केमोथेरपीबद्दलची. 'सगळा स्तन काढला की केमो टळते' असे पुष्कळजणी धरून चालतात. केमो लागणार की नाही हे गाठीच्या जातीवर, आकारावर, काखेतल्या ग्रंथींपर्यंत रोग पोचला आहे का यावर ठरते. किती कापले यावर नाही. हात सुजण्याचेही तसेच. ती सूज काखेतल्या ग्रंथी काढल्यामुळे किंवा तिथे किरण दिल्यामुळे येते, स्तन राखला की काढला याच्याशी तिचा थेट संबंध नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण भातशेतीतल्या बाईला हात हेच भांडवल. गुडघाभर चिखलात वाकून लावणी करायची, डोक्यावर भारा घ्यायचा, विळ्याने बोट कापले तर त्यावर चिंधी गुंडाळून पुढे चालायचे, ही तिची रीत. काखेतल्या ग्रंथी गेलेल्या हाताला असे कापणे महागात पडते. जखम चिघळते आणि हात सुजला तर बांगडी वर जात नाही. तेव्हा तिने डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न स्तनाबद्दलचा नसून काखेबद्दलचा असू शकतो : सगळ्या ग्रंथी काढायलाच हव्यात, की आधी थोड्या काढून तपासता येतील? आता पुष्कळ ठिकाणी आधी थोड्याच काढून पाहतात.

निवड प्रत्येकीला असतेच असे नाही, हेही सांगितले पाहिजे. स्तनात वेगवेगळ्या भागांत अनेक गाठी असतील, सगळा स्तन लाल होऊन सुजला असेल, गाठ स्तनाच्या मानाने फार मोठी असेल, आधी कधी छातीवर किरण घेतलेले असतील, किंवा काढलेल्या तुकड्याच्या कडेला पुन्हा पुन्हा रोग सापडत असेल, तर बहुधा स्तन काढावाच लागतो. मोठी गाठ कधीकधी आधी केमो देऊन लहान करतात आणि मग स्तन राखता येतो. हे सगळे तपासून झाल्यावर ज्या बायकांपुढे दोन्ही रस्ते खरोखर खुले राहतात, त्यांच्याविषयी मी बोलते आहे.

आता कर्जतला येऊ. मुंबईकराला रायगड म्हटले की अलिबागचा समुद्र आठवतो, आणि कर्जत म्हटले की शनिवार-रविवारची फार्महाउसे. इथे राहणाऱ्यांना अलिबाग लांब आहे. जिल्ह्याचे ठिकाण म्हणून कागदपत्रांसाठी जायचे. आजारी माणसाची नजर मात्र रेल्वेच्या दिशेने वळते. कर्जत स्टेशन मुंबईपासून १०० किलोमीटरवर. तिथून घाटाच्या पायथ्याने पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी करत एक फाटा खोपोलीला जातो, त्यावरच्या गाड्या मोजक्या. एक चुकली की फलाटावर बसून राहायचे. कर्जतहून दादरला पोचायला दोन तासांच्या आसपास लागतात, तिथून परळ. खांडसकडची बाई आधी एस.टी.ने किंवा रिक्षाने कशेळ्याला येणार, तिथून कर्जत किंवा नेरळ गाठणार, मग गाडी. म्हणजे सकाळी दहाच्या नंबरासाठी घरातून अंधारात निघायचे.

शस्त्रक्रियेसाठी हे एकदा जमते. माणसे एकदाचे करतात. शेजारी गुरे सांभाळतात, जाऊ चूल सांभाळते, कुणीतरी सोबत राहते. किरणोपचारांचे तसे नाही. ते रोजचे असतात, शनिवार-रविवार वगळून. जुन्या पद्धतीने पाच आठवडे, पंचवीस वेळा. प्रत्येक वेळी यंत्राखाली झोपण्याचे काम दहा-पंधरा मिनिटांचे. दहा मिनिटांसाठी पाच-सहा तासांचा प्रवास, तोही दोघांचा, कारण एकटीला पाठवायला कोणी तयार नसते. सोबत येणाऱ्याची रोजची मजुरी बुडते. तो खोपोलीच्या किंवा रसायनीच्या कारखान्यात कंत्राटावर असेल तर पंचवीस दिवसांच्या खाड्यानंतर त्याची जागा राहीलच याचा भरवसा नाही.

त्यात पावसाळा. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना नावांनी बाहेर काढावे लागले, हे वाचकांना आठवत असेल. टीव्हीवर ते एका दिवसाचे नाट्य होते. कर्जतकरांसाठी तो रोजचा रस्ता आहे. किरणोपचार चालू असताना मध्ये दिवस बुडू नयेत असे डॉक्टर बजावतात. उल्हास नदीने ते ऐकायचे कसे?

म्हणून काय होते, तर घरात बैठक बसते. दीर, भाऊ, कधी गावातले एखादे शिकलेले माणूस. बाई आत चहा करत असते. बाहेर हिशेब होतो : राखायचा तर पाच आठवडे रोज मुंबई, काढायचा तर एकदा मुंबई. आणि वर तो एक धीराचा शब्द : 'या वयात काय करायचंय, पदराखाली कोण बघतंय?' बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसते. पण हे वाक्य पंचेचाळिशीच्या बाईला म्हटले जाते, कधीकधी अडतिशीच्या. आपल्याकडे हा रोग पाश्चात्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षे लवकर होतो हे डॉक्टर सांगतातच. पदराखाली दुसरे कोणी बघत नसेल. ती स्वतः रोज आंघोळीला बसते.

रजिस्टरवर नोंद काय होते? 'रुग्णाने मॅस्टेक्टॉमी पसंत केली.' पसंत हा शब्द मला तिथे खटकतो. नोकरीच्या काळात सोनेतारणाच्या अर्जांवर मी अशा पसंत्या पुष्कळ पाहिल्या. कर्जाचे कारण : औषधपाणी. मंगळसूत्राच्या वाट्या वजनकाट्यावर, आणि खाली अंगठा किंवा थरथरती सही, की मी हे राजीखुशीने तारण ठेवत आहे. कागद कायद्याने बिनचूक असे.

एवढ्यावरही एक क्रूर थट्टा उरते. रोज जाणे टळावे म्हणून स्तन काढला, आणि पंधरवड्याने तपासणीचा कागद आला की काखेतल्या बऱ्याच ग्रंथींत रोग होता किंवा गाठ अपेक्षेपेक्षा मोठी निघाली, तर स्तन काढूनही किरणोपचार घ्यावेच लागतात. ज्यासाठी दिला तेही मिळाले नाही. तेव्हा काढायचा निर्णय केवळ प्रवासाच्या हिशेबावर होत असेल, तर शस्त्रक्रियेआधी हे विचारून घेतलेच पाहिजे : काढल्यावरही मला किरण लागण्याची शक्यता किती?

या हिशेबातले आकडे मात्र बदलले आहेत, आणि ही बातमी बैठकीपर्यंत अजून पुरेशी पोचलेली नाही. ब्रिटनमधल्या मोठ्या चाचण्यांचा दहा वर्षांचा निकाल २०१३ साली आला. दररोजची मात्रा थोडी वाढवून तीन आठवड्यांत पंधरा वेळा किरण दिले तरी परिणाम पाच आठवड्यांइतकाच चांगला, असे त्यातून दिसले. आता तीन आठवडे हीच बहुतेक ठिकाणची रीत झाली आहे. काहींना गाठीच्या जागेवर आणखी थोडे दिवस द्यावे लागतात. त्यापुढे २०२० मध्ये ब्रिटनमधल्याच चार हजारांवर रुग्णांच्या चाचणीचा पाच वर्षांचा निकाल प्रसिद्ध झाला : पाच वेळा, एका आठवड्यात. हे सगळ्यांना लागू नाही आणि प्रत्येक रुग्णालय ते देत नाही. पण सोमवार ते शुक्रवार एवढ्यातच काम होणार असेल तर बैठकीतला सगळा हिशेब उलटतो. पासष्टीच्या पुढच्या, लहान गाठीच्या, काखेत रोग नसलेल्या आणि संप्रेरकाच्या गोळ्यांना दाद देणाऱ्या कर्करोगाच्या स्त्रियांसाठी तर आणखी एक वाट आहे. त्यांच्यावरच्या चाचणीत किरण न देताही दहा वर्षांनी जगण्याचे प्रमाण सारखेच राहिले. स्तनात रोग परत येण्याचे प्रमाण किरण न घेतलेल्यांत शंभरात नऊ-दहा होते, घेतलेल्यांत शंभरात एक. असा सौदा करायचा की नाही हे त्या आजींनी ठरवावे, पण तो त्यांच्यासमोर मांडला तर पाहिजे.

जागाही बदलली आहे. परळचे टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झाले आणि कर्करोग म्हणजे परळ हे समीकरण तीन पिढ्या चालले. त्याच टाटा मेमोरियल सेंटरची खारघरची शाखा पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगडातच आहे, आणि तिथे किरणोपचारांची सोय आहे. चौकहून किंवा खोपोलीहून पनवेलमार्गे खारघर हा रस्ता परळच्या मानाने निम्म्यावर येतो. उपचार परळला चालू असले तरी 'किरण खारघरला घेता येतील का' असे विचारायला काय हरकत आहे? शहरातला माणूस हे सहज विचारतो. खेड्यातल्या माणसाला वाटते, आपण विचारले तर साहेब रागावतील आणि नंबर जाईल.

पैशांची बाजू पूर्वीइतकी अंधारी नाही. जुलै २०१२ मध्ये राज्य सरकारची जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत पहिल्यांदा सुरू झाली त्यांत रायगड होता. २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव आहे. शस्त्रक्रिया, केमो आणि किरणोपचार तिच्यात बसतात. मुंबईत राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कर्करुग्णांची आणि त्यांच्या नातेवाइकांची सोय करते. लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यात कर्करुग्णांना प्रमाणपत्र दाखवून बसता येते. हे सगळे आहे. तरी बुडालेली मजुरी कुठल्याच योजनेत बसत नाही, आणि टाटाच्या बाहेरच्या पदपथावर आजही माणसे झोपतात. मला विचाराल तर कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयातून आणि चौकच्या ग्रामीण रुग्णालयातून सकाळी एक गाडी खारघरला जावी आणि दुपारी परत यावी, किरणोपचारांच्या रुग्णांना घेऊन. कारखान्यांच्या बसगाड्या या रस्त्यांवर कामगारांना नेतात-आणतात, त्यांच्या पाळ्या ठरलेल्या असतात. तीन आठवडे दहा बायकांना नेणे ही त्यापुढे काही अवघड गोष्ट नाही. एक जीप आणि एक चालक एवढ्यावर एखाद्या बाईचा स्तन वाचतो हे ऐकायला विचित्र वाटेल, पण हिशेब तोच आहे.

हे वाचून कोणाला वाटेल, की स्तन राखणे हाच सुधारलेला निर्णय आणि काढणे हा मागासलेला. तसे मी मुळीच म्हणत नाही. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी नॅन्सी रेगन यांनी १९८७ साली स्तन काढून घेतला. जगातले उत्तमातले उत्तम उपचार हाताशी असताना त्यांनी तसे ठरवले. त्यावर टीका झाली, आणि त्यानंतर काही महिने अमेरिकेत लंपेक्टॉमीचे प्रमाण बरेच खाली आले असे पुढे एका अभ्यासात दिसले. टीका करणाऱ्यांना काय अधिकार होता? एखादीला दर वर्षी त्या स्तनाची तपासणी करताना छातीत धडधडणार असेल, आणि ती म्हणाली की 'मला पुन्हा पुन्हा ते नको, एकदाचं सोडवा,' तर तिचे म्हणणे बरोबर आहे. आमच्या परिचयातल्या एका निवृत्त शिक्षिकेने सगळे समजून घेऊन हेच केले. मुलगा आणि सून राखण्याच्या बाजूचे होते, त्यांना तिने गप्प केले. तिच्याजवळ गाडी होती, मुलगा सोबतीला होता, खारघर तासाभरावर होते. म्हणून तिची पसंती मी पसंती मानते.

तालुक्याच्या गावात आणखी एक प्रकार होतो आणि त्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. छातीत गाठ म्हणून बाई जवळच्या दवाखान्यात जाते. 'साधी दिसते, काढून टाकू' म्हणून गाठ काढली जाते, टाके घातले जातात, काढलेली गाठ तपासणीला न जाता कचऱ्यात जाते. आठ महिन्यांनी तिथेच पुन्हा गाठ. आता मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांना काही कळायला मार्ग नसतो : पहिली गाठ कसली होती, कडा स्वच्छ होत्या का. ही लंपेक्टॉमी नव्हे. लंपेक्टॉमीत आधी सुईचा तुकडा तपासलेला असतो, कुठून किती कापायचे हे ठरलेले असते, काढलेल्या भागाच्या कडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या जातात. सुई टोचली की रोग पसरतो, या भीतीने पुष्कळजणी ती तपासणी टाळतात. त्या भीतीला आधार नाही. छातीतली कोणतीही गाठ काढली तर ती प्रयोगशाळेत गेली का, हे विचारा आणि अहवालाचा कागद जपून ठेवा. सातबाऱ्याबरोबर ठेवा, म्हणजे हरवणार नाही.

आणि मुळात गाठ लहान असताना सापडली तरच निवड उरते. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या वर्षी स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण होते आणि ९८ हजारांच्या आसपास मृत्यू झाले. या दोन आकड्यांतले अंतर इतके कमी आहे, कारण आपण उशिरा जातो. टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाखांवर स्त्रियांचा एक अभ्यास चालवला. त्यांतल्या निम्म्या वस्त्यांत साध्या शिकवलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी बायकांचे स्तन हातांनी तपासत. यंत्र नाही, क्ष-किरण नाही. या वस्त्यांत रोग लवकरच्या अवस्थेत सापडू लागला. २०२१ साली निकाल आला तेव्हा पन्नाशीच्या आणि त्यापुढच्या स्त्रियांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी दिसले. कर्जत-खालापूरच्या वाड्यांवर आशाताई आहेत, उपकेंद्रे आहेत, तीस वर्षांवरच्या स्त्रियांची तपासणी सरकारी कार्यक्रमात लिहिलेली आहे. ती नुसती फॉर्ममध्ये होते की खरोखर पडद्याआड होते, हे गावातल्या बायकांनीच एकदा विचारून पाहावे.

डॉक्टरांकडे माझे एकच मागणे आहे. बाईशी दहा मिनिटे एकटीशी बोला, नवऱ्याला आणि भावाला बाहेर चहाला पाठवून. 'ताई, रोज येणं जमलं असतं तर तुम्ही काय सांगितलं असतं?' असे विचारा. ती जे सांगेल ते आधी लिहून घ्या आणि मग बघा, जमवता येते का. उत्तर त्याच दिवशी मागू नका. निदानापासून दोन-तीन आठवडे विचारात गेले म्हणून बिघडत नाही असे तज्ज्ञच सांगतात. बिघडते ते जडीबुटीत आणि देवस्कीत सहा महिने गेले तर.

घरच्यांसाठी एक हिशेब मांडून ठेवते, कारण तो कोणी करून देत नाही. किरणोपचार शस्त्रक्रियेनंतर लगेच नसतात. केमो लागणार नसेल तर जखम भरल्यावर, साधारण महिना-दीड महिन्याने. केमो लागणार असेल तर ती आधी पुरी होते, आणि तिला चार-सहा महिने जातात. म्हणजे होळीच्या सुमाराला शस्त्रक्रिया झाली आणि केमो लागली, तर लावणीच्या वेळी बाई केमोवर असेल, शेतात जाणार नाही, तेव्हा गडी किंवा माहेरची माणसे आताच सांगून ठेवायला हवीत. किरणोपचार येतील गणपतीच्या आगेमागे, पाऊस ओसरत असताना. रायगडात त्या दिवसांत मुंबईहून माणसे गावी येतात. त्यांतल्या एखाद्या भाच्याला आठवडाभर सोबतीला थांबायला सांगता येते. रुग्णालयाला चतुर्थीची सुट्टी असते का, आणि बुडालेला तो दिवस शेवटी वाढवून देतात का, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्यावे.